पुळणीवर चारच एटीव्ही फिरवल्या तर काय बिघडतं?

प्रश्न दापोली तालुक्यातल्या एका गावातून आलाय. विचारणाऱ्या ताई होमस्टे चालवतात. त्यांच्या पुळणीवर दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पर्यटकांच्या गाड्या उतरतात. आता गावातलीच दोन मुलं चार एटीव्ही, म्हणजे वाळूत चालणाऱ्या चार चाकी मोटारसायकली, आणायचं म्हणतायत आणि ग्रामसभेपुढे तसा ठराव येतोय. विरोध होऊ नये म्हणून त्यांनी तीन अटी स्वतःच घालून घेतल्यात: गाड्या चारच, टायर रुंद आणि कमी हवेचे, आणि फिरवायच्या फक्त ओल्या वाळूवर. वर एक मुद्दा असा, की कासवाची अंडी आपण उचलून हॅचरीत, म्हणजे उबवणीच्या राखलेल्या जागेत, नेतोच, मग चाकाखाली येणार कोण? ताई लिहितात, "मला नीट उत्तर देता येत नाही, पण पटतही नाही."

ताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. मुलांच्या अटी प्रामाणिक आहेत, पण त्या गाडीकडे बघून घातलेल्या आहेत. पुळणीवरच्या जिवांना गाड्या चार की चाळीस यापेक्षा गाडी कुठल्या पट्ट्यातून जाते आणि दिवसाच्या कुठल्या वेळी जाते, याने जास्त फरक पडतो. आणि राइडच्या धंद्याला नेमका तोच पट्टा आणि तीच वेळ हवी असते. खरी अडचण ही आहे.

ओल्या वाळूपासून सुरू करू, कारण सगळ्यात निरुपद्रवी अट तीच वाटते.

ओहोटीला उघडी पडणारी ओली, कडक वाळू लांबून बघितली तर मोकळी दिसते. गुडघे टेकून बघा. वाळूवर दोन-तीन मिलिमीटरच्या गोळ्यांची नक्षी दिसेल, एका छोट्या भोकापासून चहूबाजूंना रांगोळीच्या रेघांसारखी पसरलेली. पर्यटक तिचे फोटो काढतात. ती घालणारा खेकडा जेमतेम सेंटिमीटरभराचा. पाणी ओसरलं की तो बिळाबाहेर येतो, वाळू तोंडात घेतो, कणांवरचं शेवाळ आणि सेंद्रिय अंश चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पुढची भरती येईपर्यंत एवढेच तास त्याच्या जेवणाचे. बीळही उथळ. त्याच पट्ट्यात, थोडं खाली, लाटेच्या रेषेत लहान शिंपले आणि वाळूत घुसणारे कवचधारी किडे असतात. लाट ओसरली की इंचभर वाळूखाली जाऊन बसायचं, हेच त्यांचं संरक्षण. पक्ष्याच्या चोचीपासून वाचायला ते पुरतं, अडीचशे-तीनशे किलोच्या यंत्रापासून वाचायला पुरत नाही.

म्हणजे ओल्या वाळूवर गाडी घातली की कासवाच्या जागेपासून ती लांब जाते, हे खरं. पण ती थेट पुळणीच्या जेवणाच्या ताटातून जाते. हे ताट कुणासाठी वाढलेलं असतं ते हिवाळ्यात बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून चिखल्या, तुतवार, कुरव, सुरय हे किनाऱ्यावरचे पक्षी आपल्याकडे येतात. त्यातले काही चिखल्ये हिमालयापलीकडच्या पठारांवरून येतात, काही तुतवार तर थेट आर्क्टिक प्रदेशातून. मार्च-एप्रिलमध्ये परत निघण्याआधी त्यांना अंगावर चरबी चढवावी लागते, आणि ती चढते ओहोटीच्या चार-पाच तासांत टिपलेल्या किड्या-शिंपल्यांवर. गाडी आली की थवा उडतो, शंभर-दोनशे मीटर पुढे बसतो. गाडी वळून परत येते, थवा पुन्हा उडतो. एकदा उडण्याने काहीच होत नाही. पण राइडवाल्याची गाडी दहा-दहा मिनिटांनी त्याच वाटेने येते, आणि प्रत्येक वेळी पक्ष्याचं खाणं थांबतं आणि साठवलेलं खर्चही होतं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, कारण मुलं ती सांगतीलच: चालत जाणाऱ्या माणसापेक्षा गाडीला पक्षी कधी कधी जास्त जवळ येऊ देतात. खरंय. गाडीत बसून पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. पण ती गाडी हळू चालते किंवा उभी असते. ओरडणारी मंडळी घेऊन पाण्याच्या रेषेतून भरधाव जाणाऱ्या एटीव्हीला तो नियम लागत नाही.

आता भरती-ओहोटीचं गणित. तुमच्या गावातल्या कुठल्याही कोळ्याला विचारा, तो मनातल्या मनात सांगेल. अमावास्या-पौर्णिमेला, उधाणाच्या दिवसांत, आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास येते. ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी. अष्टमीच्या सुमारास, भांगाला, हे उलटतं: दुपारी ओहोटी, पण पाणी फारसं मागे जात नाही, त्यामुळे ओला पट्टा मुळातच अरुंद. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साडेबारा तास. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढा वेळ धंदा चालवायचा तर बहुतेक दिवशी त्यात एक भरती येणारच. त्या दोन-तीन तासांत ओली वाळू उरत नाही. गिऱ्हाईक रांगेत उभं आहे, शनिवार आहे, बँकेचा हप्ता आहे. गाडी कुठून जाणार? वरून. कोरड्या वाळूवरून, सुरूच्या बनाच्या कडेने. 'फक्त ओल्या वाळूवर' ही अट मुलं मोडतील असं मी म्हणत नाही. समुद्रच ती रोज मोडतो. आणि उधाणाच्या दिवशी सूर्यास्ताला पाणी खाली असतं, तेव्हा सगळ्यांना मावळतीची राइड हवी असते. पक्ष्यांच्या खाण्याचीही तीच वेळ.

वरच्या पट्ट्यात कोण राहतं? सगळ्यात जास्त संख्येने तो पांढुरका, डोळे काठीवर असलेला, तिरका पळणारा खेकडा. ज्याला बघून लहान मुलं मागे धावतात आणि तो हाती लागत नाही तो. दिवसा, विशेषतः उन्हात, तो बिळात खोल असतो. मोठ्या खेकड्याचं बीळ हातभर किंवा त्याहून खोल जातं. रात्री तो बाहेर येतो आणि खाली पाण्याच्या रेषेपर्यंत चरायला जातो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर यावर चांगलं काम झालंय, कारण तिथे पुळणीवर गाडी घालायची जुनी सवय आहे. तिथल्या संशोधकांनी वेगवेगळ्या खोलीवर बसलेल्या खेकड्यांवरून मोजून गाड्या नेल्या. तीस सेंटिमीटरखाली असलेले वाचले. पाच सेंटिमीटरवर असलेले दहा फेऱ्यांत मोठ्या संख्येने चिरडले गेले. पाच सेंटिमीटरवर कोण असतं? पिल्लं. मोठे खेकडे दिसत राहतात म्हणून 'खेकडे आहेत की अजून' असं वाटतं, आणि खालून पुढची पिढी येणं थांबलेलं असतं. रात्रीचा हिशेब वेगळाच: तेव्हा लहान-मोठे सगळे वर असतात, हेडलाइटच्या झोतात काही जागच्या जागी थिजतात, आणि तेव्हा बिळाच्या खोलीचा काही उपयोग नसतो. रात्रीची एक गाडी दिवसाच्या कितीतरी गाड्यांपेक्षा महाग पडते. म्हणून संख्येची अट मला फसवी वाटते.

आता कासवं. मुलांचा मुद्दा वरवर बिनतोड आहे. महाराष्ट्रात ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची घरटी शोधून हॅचरीत हलवायचं काम वेळास गावात २००२मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलं, मग ते इतर गावांत पसरलं, वनविभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान त्यात आले. त्यामुळे 'अंडी हॅचरीत सुरक्षित' हे चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण अंडी हॅचरीत आपोआप जात नाहीत. ती कासवमित्राला, म्हणजे गावातल्या घरटी राखणाऱ्या माणसाला, सापडावी लागतात.

कशी सापडतात ते बघा. मादी रात्री वर येते. पस्तीस-चाळीस किलोचं धूड, पुढचे वल्हे आळीपाळीने टाकत, वाळूत दोन-अडीच फूट रुंदीचा माग सोडत. भरतीरेषेच्या वर, बऱ्याचदा वेलींच्या कडेला, दीडेक फूट खोल सुरईच्या आकाराचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि अंगाने थापटून जागा सारखी करते. ती गेल्यावर घरटं डोळ्यांना दिसत नाही. दिसतो फक्त माग: एक चढताना, एक उतरताना. कासवमित्र पहाटे पुळणीवरून चालतो तो हा माग शोधत. माग जिथे वळतो तिथे विस्कटलेल्या वाळूत काठी अलगद टेकवत जातो. एका जागी काठी सहज आत जाते. तिथे हाताने उकरायचं.

त्या मागावरून रात्रीत किंवा पहाटे दोन गाड्या गेल्या, तर वाचायला काही उरत नाही. टायरच्या पट्ट्यांच्या जाळीत वल्ह्यांचे ठसे ओळखणं मुरलेल्या माणसालाही अवघड जातं. घरटं हुकतं. बरं, नंतर कधी कुत्र्यांनी उकरलं म्हणून सापडलं, तरी वेळ गेलेली असते. अंडी घातल्यापासून पहिल्या काही तासांत हलवली तर चालतात. बारा-एक तास उलटले की आतला गर्भ कवचाला चिकटतो, आणि मग अंडं जरा फिरलं तरी तो मरू शकतो. पहाटेचा माग पुसला म्हणजे एका खुणेबरोबर पूर्ण घरटं वाचवायची संधीच पुसली जाते. कासवाच्या बाबतीत गाड्यांचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं नुकसान हेच असावं असं माझं मत आहे. कुठल्याही पंचनाम्यात ते येत नाही, कारण चाकाखाली काही मेलेलं दिसत नाही.

हुकलेल्या घरट्याचं पुढे काय होतं? वर गाड्या जात राहिल्या तर वाळू दबते. अंड्यांना हवा लागते, पिल्लांना वर यायला सैल वाळू लागते. दोन्हींची कोंडी होते. आणि एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं अंड्यांतून बाहेर पडली की लगेच पृष्ठावर येत नाहीत. ती सगळी मिळून हळूहळू वर सरकतात आणि वरच्या काही सेंटिमीटर वाळूखाली थांबतात, वाळू थंड होण्याची वाट बघत. वरची वाळू गार झाली म्हणजे रात्र झाली, एवढीच त्यांची घड्याळाची सोय. त्या थांबलेल्या काळात वरून एक चाक गेलं तर पूर्ण घरटं संपतं, आणि चालवणाऱ्याला टायरखाली साधा खड्डाही जाणवत नाही. रुंद, कमी हवेच्या टायरची अट इथे कुचकामी ठरते. अशा टायरने दाब कमी होतो हे खरं, खोल बसलेल्या मोठ्या खेकड्याला त्याचा थोडा फायदाही होत असेल. पण तीन-चार सेंटिमीटर लांबीच्या, पंधरा-वीस ग्रॅमच्या पिल्लाला वाचवण्याइतका तो कमी होत नाही. शिवाय पर्यटक एटीव्हीवर बसतो तो सरळ रेषेत जायला बसत नाही. त्याला वाळू उडवत गर्रकन वळायचं असतं. वळताना चाक वाळूला बाजूला ओरबाडतं, आणि तो जोर टायरच्या रुंदीने कमी होत नाही.

हॅचरीतल्या पिल्लांनाही गाड्यांपासून सुटका नाही. कासव महोत्सवात तुम्ही बघितलंच असेल: पिल्लं टोपलीतून आणून पाण्यापासून काही अंतरावर सोडतात आणि ती स्वतः चालत जातात. त्या वाटेत चाकोरी असेल तर? आपल्याला ती चार बोटं खोल दिसते. पिल्लू त्यात उतरलं की त्याला समुद्राकडचं उजळ क्षितिज दिसेनासं होतं, दोन्हीकडे वाळूच्या भिंती, आणि ते चाकोरीच्या दिशेने चालू लागतं, म्हणजे समुद्राला समांतर. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर लॉगरहेड कासवाच्या पिल्लांवर हा अभ्यास १९८१मध्येच प्रसिद्ध झाला, पुढे ऑस्ट्रेलियातही झाला. चाकोऱ्यांनी पिल्लांची वाट लांबते. पोटातल्या बलकावर त्याला पहिले काही दिवस पोहायचं असतं. तो बलक वाळूत खर्च होतो. बाकीचं कावळे आणि कुत्री बघतात. अमेरिकेत पायपिंग प्लोव्हर नावाच्या छोट्या चिखल्याची पिल्लं अशाच चाकोरीत अडकून चिरडली जातात, आणि तिथल्या गाडीबंदीच्या लढायांमागे बऱ्याच अंशी हा एक मूठभर पक्षी आहे.

वाळूच्या टेकाडांबद्दल थोडक्यात. भरतीरेषेच्या वर मर्यादवेल पसरते, जांभळ्या फुलांची. तिचे लांब धावते वेल वाळू धरून ठेवतात, त्यामागे टेकाड तयार होतं, त्यामागे सुरू. वेल चाकाखाली तुटला की वाळू उघडी पडते, वारा ती उडवतो, आणि पुढच्या पावसाळ्यात लाटा सुरूच्या मुळांपर्यंत येतात. अमेरिकेत केप कॉडच्या किनाऱ्यावर १९७०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी आखलेल्या पट्ट्यांवरून ठरावीक फेऱ्या मारून हे तपासलं. वनस्पतींचं बहुतेक नुकसान सुरुवातीच्या फेऱ्यांतच होऊन जातं, नंतरच्या फेऱ्या त्यात फार भर घालत नाहीत. 'एवढ्या गाड्या चालतील' असा आकडा त्यांना काढता आला नाही. तुमच्या चार गाड्या दिवसाला किती फेऱ्या मारतील, गुणाकार करून बघा. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा पुळणीमागे काय उभं होतं आणि काय नव्हतं, हे तुमच्या गावालाही आठवत असेल.

जगात इतरत्र काय केलं हे ग्रामसभेत कुणीतरी विचारेलच. दक्षिण आफ्रिकेने २००१च्या डिसेंबरात नियम काढून मौजेखातर पुळणीवर गाडी घालणं देशभर बंद केलं. होड्या उतरवायच्या ठरलेल्या जागा, संशोधन, परवानगी घेतलेले अपंग असे अपवाद ठेवले. गळ टाकणाऱ्यांच्या गावांत मोठी ओरड झाली, धंदा बसला म्हणून. पण पुळणीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना मोकळीक मिळाली. तिथला काळा ऑयस्टरकॅचर आज धोक्याच्या यादीतून बाहेर आहे. सगळं श्रेय बंदीला देता येणार नाही, कारण बाहेरून आलेल्या एका शिंपल्याने त्याच दरम्यान त्याचं खाणं वाढवलं. पण पिल्लं चाकाखाली जाणं थांबलं हे नक्की.

दुसरं टोक म्हणजे फ्लोरिडातलं डेटोना. तिथे पुळणीवर गाडी ही शंभर वर्षांची परंपरा. १९९५मध्ये कासवांच्या नावाने कौंटीविरुद्ध, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाविरुद्ध, खटला गुदरला गेला, आणि शेवटी मधला मार्ग निघाला: कासवांच्या हंगामात रात्री गाडी नाही, सकाळची कासव-पाहणी उरकल्याशिवाय गाडी नाही, वरचा पट्टा खांब रोवून वेगळा, आणि पिल्लं निघायच्या वेळी घरट्यापुढच्या चाकोऱ्या बुजवायच्या. हे सगळं करायला पगारी माणसं, गेट, दंड करणारी यंत्रणा लागते. आपल्या ग्रामपंचायतीकडे एक शिपाई असतो.

केरळात कन्नूरजवळच्या मुळप्पिलंगाडचं उदाहरण हमखास येतं, कारण तिथे चार-पाच किलोमीटर पुळणीवर गाडी नेता येते आणि सगळे व्हिडिओ टाकतात. तिथली वाळू कडक आहे म्हणून गाडी रुतत नाही. याने गाडीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, खेकड्याच्या नाही. गोव्यात मात्र मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या कासवांच्या किनाऱ्यांचं राज्य असूनही पर्यटक गाड्या घालतातच, आणि पोलीस गुन्हे नोंदवतातच. हा खेळ दर हंगामात चालतो.

'मग बैलगाडी? होडी ओढणारा ट्रॅक्टर? किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले?' असं विचारलं जाईल, आणि विचारावंच. ट्रॅक्टरनेही खेकडा मरतो, त्याला माफी नाही. पण होडी ओढणारा ट्रॅक्टर एका ठरलेल्या जागेवरून खाली जातो, काम करून त्याच वाटेने वर येतो. तो घास घेतो तो तेवढ्याच जागेचा. पुळणीच्या लांबीवर तो भटकत नाही. गाडीबंदीचा ठराव करताना कोळ्यांची वाट स्पष्ट शब्दांत मोकळी ठेवा, नाहीतर ठराव त्यांच्याविरुद्ध वापरला जाईल आणि कासवमित्र कोळीवाड्यातच परके होतील. घरट्यांची निम्मी खबर त्याच वाड्यातून येत असते.

कायद्याचं थोडं. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या कायद्यातल्या 'शिकारी'च्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणंही येतं. म्हणजे घरट्यावरून गाडी नेणाऱ्यावर शिकारीचा गुन्हा लागू शकतो. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९च्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूची टेकाडं सगळ्यात संवेदनशील वर्गात आहेत. ग्रामसभेने ठराव केला म्हणून हे दोन्ही बाजूला सरत नाहीत. मुलांना हे धमकी म्हणून नव्हे, कर्ज काढण्याआधीची माहिती म्हणून सांगा. उद्या कुणी तक्रार केली तर गाडी जप्त होईल त्यांची, ठरावाला हात वर करणाऱ्यांची नाही.

माझं मत विचाराल तर ठराव फेटाळा. आणि त्याच बैठकीत पर्यटकांच्या गाड्यांवर बोला, कारण मुलांच्या चार एटीव्ही अडवून बाहेरच्या गाड्या मोकळ्या सोडल्या तर मुलांना राग येणं साहजिक आहे. पुळणीवर उतरणाऱ्या वाटा गावात मोजक्याच असतात. त्या वाटांवर जांभ्याचे मोठे चिरे असे रोवा की माणूस, सायकल, व्हीलचेअर जाईल पण गाडी जाणार नाही. कोळ्यांच्या वाटेवर साखळी आणि कुलूप, किल्ली त्यांच्याकडे. पाटीपेक्षा चिरा जास्त काम करतो. पाटी वाचून परत फिरलेला गाडीवाला मी क्वचितच बघितलाय.

ठराव मंजूर झालाच, तर निदान एवढं त्यात लिहून घ्या. नोव्हेंबर ते मे सूर्यास्तापासून सकाळी नऊपर्यंत एकही गाडी नाही, अगदी 'बंद करून ढकलत नेतो' म्हणूनही नाही. कासवमित्राने पाहणी झाल्याचं कळवल्याशिवाय पहिली फेरी नाही. भरतीच्या आधी आणि नंतर दीड-दीड तास धंदा बंद, तक्ता दर महिन्याला शाळेच्या भिंतीवर. ताज्या भरतीरेषेच्या वर चाक दिसलं की त्या दिवसाचा परवाना रद्द. पुळणीचा किमान अर्धा भाग कायमचा वगळलेला, आणि तो अर्धा भाग हॅचरीच्या बाजूचा. हे एवढं पाळून धंदा परवडतो का, हे मुलांनीच गणित मांडून सांगावं. माझ्या अंदाजाने परवडणार नाही, आणि तसं असेल तर ते गाड्या घेण्याआधी कळलेलं बरं.

गाड्या घेऊन झाल्याच असतील तर गावामागच्या वरकस जमिनीत मातीचा ट्रॅक करता येतो. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मात्र नेऊ नका. कातळ उघडा दिसतो म्हणून तो रिकामा नसतो. पावसाळ्यात त्यावर फुलणाऱ्या वनस्पती दुसरीकडे मिळत नाहीत, आणि रत्नागिरी जिल्ह्यात कुठल्या कातळावर कातळशिल्प निघेल सांगता येत नाही. आणि मुलांना खरंच पर्यटनातच काम हवं असेल, तर वेळासकडे बघायला सांगा. कासव बघायला येणारा माणूस घरात उतरतो, दोन वेळा जेवतो, पहाटे उठतो आणि गाइडला पैसे देतो. एटीव्हीवाला दहा मिनिटं बसतो आणि निघून जातो.

शेवटी, ग्रामसभेत माझ्या शब्दापेक्षा तुमच्या पुळणीचे आकडे जास्त चालतील, आणि ते काढणं सोपं आहे. गाड्या फिरतात तो भाग आणि फिरत नाहीत तो भाग, दोन्हींकडे वरच्या पट्ट्यात दोरी लावून दहा मीटर बाय दोन मीटरचे चौकोन आखा, प्रत्येकी पाच-सहा. पहाटे, ऊन चढायच्या आत, प्रत्येक चौकोनातली खेकड्यांची बिळं मोजा आणि तोंडाची रुंदी पट्टीने मोजून लिहा. रुंद तोंड म्हणजे मोठा खेकडा, अरुंद म्हणजे पिल्लू. एकूण संख्येइतकंच पिल्लांचं प्रमाण बघा, फरक आधी तिथे दिसतो. मोजणी दर वेळी सारख्याच तिथीला करा, नाहीतर भरतीचाच फरक मोजून बसाल. एकदा दिवाळीआधी, एकदा जानेवारीत, एकदा मे महिन्यात. मोजताना घरटं किंवा वाट चुकलेली पिल्लं दिसली तर हात लावण्याआधी कासवमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. दोरी, काठ्या आणि वही शाळेत मिळेल. शाळेतली मुलंही हौसेने येतात. फक्त त्यांना बिळात काठी घालू देऊ नका.